एक ठोका हो, दोन ठोके नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

बोलायचं नाही! कुजबुजायचंसुद्धा नाही! "कुजबूज तर त्याहून वाईट," म्हणे डॉक्टर. खाकरायचं नाही, गुणगुणायचं नाही, कुणी पायावर पाय दिला तर "आई गं" म्हणायचं नाही.

हे कुणाला सांगताहेत? मला! सगळी हयात लिलावघराच्या ओट्यावर उभा राहून "एक वार... दोन वार... तीन वार!" ओरडण्यात गेली. माझ्या आवाजानं मागच्या रांगेत पेंगणारं गिऱ्हाईक दचकून हात वर करायचं, आणि नको असलेलं कपाट त्याच्या गळ्यात पडायचं. असा मी! घशातली गाठ काढली म्हणून आता मुका. किती दिवस? "मी सांगेन तोवर." हा काय हिशेब झाला?

म्हणून ही वही. तोंडाला कुलूप लागलं, हाताला तर नाही. कुणी वाचेल ही भीती नाही, कारण माझं अक्षर मुंग्या शाईत पडून कागदावरून चालल्यासारखं. उद्या माझं मलाच लागेल की नाही शंका आहे.

सकाळी घरी आलो. आल्या आल्या फोन वाजला. हात सवयीनं गेला, तोंडही सवयीनं उघडलं. "हॅ..." एवढंच बाहेर पडलं असेल नसेल, ही स्वयंपाकघरातून आली, फोन काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"हा आता माझ्याकडे."

विषय संपला! मग माझ्यासमोर टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक माझी लिलावाची हातोडी. दुसरी एक पाटी.

"एक ठोका म्हणजे हो. दोन ठोके म्हणजे नाही. अगदीच अडलं तर पाटी."

पाटी केवढी? तळहाताएवढी! एक ओळ मावली तर नशीब. बाजारात मोठी मिळाली नाही का, असं विचारायचं होतं. पण तेवढा प्रश्न लिहायलाही त्या पाटीवर जागा नव्हती!

एक गोष्ट मात्र लिहून मोकळा होतो. ही औषधं आणायला खाली गेली होती तेव्हा डॉक्टर पलंगापाशी आले. गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय म्हणाले. गाठीचं रूप आपल्याला फारसं बरं वाटलं नाही म्हणाले. रिपोर्टला वेळ लागेल, तोवर काळजी करू नका. काळजी करू नका! हे म्हणजे चटका देऊन फुंकर नको म्हणण्यातला प्रकार. हिला सांगायचं नाही हे मी तिथल्या तिथे ठरवलं. साधी गाठ होती, काढली, संपलं. ही आधीच माझ्यापायी दमलीय.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज एक नवलच घडलं.

संध्याकाळी तिघं टेबलाशी बसलो. एरवी ही वेळ माझी. दिवसभराचं लिलावघर मी घरी आणून ओततो आणि या दोघी ऐकतात. ऐकतात म्हणजे, बसलेल्या असतात. आज टेबलावर नुसता चमच्यांचा आवाज. लेकीला ते सहन होईना. "बाबा, काहीतरी सांग ना!" म्हणाली, आणि मग जीभ चावली.

मी पाटी ओढली. गेल्या महिन्यातली गोष्ट आठवली होती. लिहिलं : 'एकानं कुलूपबंद पेटी घेतली. किल्ली मिळाली. फेकून दिली.' पाटी भरली. पुढचं लिहायला पुसावी लागणार, तेवढ्यात हिनं माझा हात धरला.

"थांबा. पुसू नका. आम्ही शोधतो."

लेक कायदा शिकतेय. घरात तिला आम्ही वकीलसाहेब म्हणतो. तिनं लगेच सरबत्ती सुरू केली. "पेटीत चोरीचा माल होता की त्याला कुणाचा पुरावा लपवायचा होता की किल्ली खोटी होती?" आता यावर ठोके किती मारू? मी हातोडी नुसती हवेत धरून बसलो. ही हसली. "एका वेळी एक काच, बाळा."

ही चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवायची, आणि एकेक काच बदलत विचारायचं — आधीची बरी, की आत्ताची? आत्ताची, की ही? इतकी वर्षं मी त्या कामाची चेष्टा करत आलो. दिवसभर एकच प्रश्न विचारायचा पगार मिळतो तुला, म्हणायचो.

हिनं चमचा खाली ठेवला आणि सुरू केलं.

"पेटी त्याच्या ओळखीची होती?" एक ठोका.

"त्याच्याच घरातली?" एक.

"आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं?" दोन.

"जाणून घ्यायचं होतं?" दोन!

वकीलसाहेब म्हणाल्या, "काय मूर्ख माणूस आहे!" हिचं तिकडे लक्षच नव्हतं. पाटीकडे बघत बसली. मग अगदी हळू विचारलं, "त्यानं पेटी हलवून पाहिली का हो?"

माझ्या हातातली हातोडी पडायची राहिली. हो! हलवली होती! कानाशी धरून हलवली होती, आणि आत काहीतरी खुळखुळलं तेव्हा त्या टक्कल पडलेल्या माणसाचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा झाला होता. वडिलांची पेटी. लहानपणी भावंडं ती हलवून आत काय असेल ते ओळखायची, आणि वडील काही केल्या सांगायचे नाहीत. वाटणीत दुसऱ्या भावाकडे गेली, त्यानं विकायला काढली, यानं सोडवली. उघडली असती तर ओळखण्याचा खेळ संपला असता. मला तर हे त्यानं स्वतः सांगितलं तेव्हा कळलं होतं. हिनं खुर्चीत बसून काढलं!

मी तीन ठोके मारले. एक वार, दोन वार, तीन वार. माल हिचा!

आवाज असता तर मी ही गोष्ट पहिल्या मिनिटात सांगून टाकली असती, शेवटासकट. आणि हिच्या डोक्यात हे असं काही चालतं हे मला कधी कळलंच नसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सूप. सकाळी सूप, दुपारी सूप. रात्री काय? ओळखा! या कोड्याला प्रश्नांची गरज नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरात आता नियम ठरले आहेत. एक ठोका हो, दोन नाही, तीन म्हणजे सुटलं. आणि हातोडी आडवी ठेवली तर प्रश्नाचा गोष्टीशी संबंध नाही. हा चौथा नियम वकीलसाहेबांच्या कृपेनं करावा लागला. त्यांच्या निम्म्या प्रश्नांना हातोडी आडवीच पडते.

आजची पाटी : 'बाईनं आपलीच खुर्ची लिलावात विकत घेतली.'

लेक खुशीत आली. "भाव चढवायला! खोटी बोली! हा सरळसरळ गुन्हा आहे!" दोन ठोके. "खुर्चीत काही लपवलेलं होतं?" दोन. "तिचा विचार बदलला?" यावर मी घुटमळलो. एक म्हणावं तर पूर्ण खरं नाही, दोन म्हणावं तर खोटं. ही माझ्या हाताकडे बघत होती. हातोडी कुठे थांबते ते बघत होती! ठोक्यापेक्षा तिला तेच जास्त सांगून गेलं.

"खुर्चीबद्दलचा विचार नाही बदलला," ही स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळून : "तिच्या आधी कुणी बोली लावली होती?"

दोन ठोके.

"हॉल शांत होता?"

एक.

"मग झालं," ही उठून भांडी गोळा करू लागली. "तिला ती शांतता बघवली नाही. आपल्या खुर्चीला कुणी हातसुद्धा वर करू नये, हे सोसलं नाही तिला. म्हणून स्वतःच हात वर केला."

मी त्या दिवशी ओट्यावर होतो. बाईच्या डोळ्यात पाणी आलेलं मी पाहिलं होतं, आणि मला वाटलं होतं बाईला जिन्नस स्वस्तात सुटल्याचा आनंद झालाय! घरी येऊन हसत सांगितलंही होतं तसंच. आज ही बोलेपर्यंत मला त्या गोष्टीचा खरा अर्थ लागला नव्हता.

लेक म्हणाली, "आई, तू वकील व्हायला हवं होतंस." ही म्हणाली, "घरात एक बोलणारा पुरे होता." मी हातोडी आडवी ठेवली.

९ फेब्रुवारी, रविवार

घसा बरा. झोप नाही. मधूनमधून तो तुकडा आठवतो. काचेवर ठेवून कोण बघत असेल, जेवून आला असेल का तो माणूस, घाईत तर नसेल!

१० फेब्रुवारी, सोमवार

आज उलटा डाव. ही म्हणाली, "रोज मीच काय विचारायचं? आज मी कोडं घालते, तुम्ही विचारा." मी पाटी दाखवली, एवढ्याशा पाटीवर काय विचारणार! "लहान विचारा मग," म्हणाली. उत्तर द्यायला तिनं चहाचा चमचा घेतला. बशीवर टण्. बोलता येत असून चमच्यानं बोलायची हौस!

हिचं कोडं : "दुकानात एक गृहस्थ आले. नंबर तपासला. दृष्टी अगदी स्वच्छ. तरी चष्मा मागितला, आणि मी दिला."

मी लिहिलं : 'रुबाब?' टण् टण्.

'फसवायचं?' चमचा घुटमळला. टण् टण्, पण उशिरानं. हे मी आता हिच्याकडूनच शिकलोय, उशीर बघायचा!

'पोलीस?' टण् टण्. 'नट?' टण् टण्. 'चोर?' हिनं चमचा आडवा ठेवला. लेक पोट धरून हसत होती. मी हट्टाला पेटून लिहीत राहिलो, पुसत राहिलो, शर्टाची बाही खडूनं पांढरी. बहुरूपी, नकली डोळा, पैज, भुवईवरचा व्रण — काय काय विचारलं! सगळं टण् टण्.

शेवटी हार मानली. ही म्हणाली, "त्यांच्या मुलीला त्याच दिवशी चष्मा लागला. पाच वर्षांची पोर. खुर्चीत रडत होती, मी नाही घालणार म्हणून. बाप बाहेर गेला, परत आला, म्हणाला मलाही नीट दिसत नाहीये, माझाही नंबर काढा. साध्या काचा बसवून दिल्या. दोघं चष्मे घालून हातात हात घालून गेले."

हिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायला मी जागाच कुठे ठेवली होती!

मग मला म्हणाली, "तुम्ही आधी उत्तर ठरवता आणि मग त्याला प्रश्न चिकटवता. तसं नाही. आधी माणूस बघायचा." आणि धंद्यातली एक गोष्ट सांगितली. खुर्चीतला माणूस घाईत असतो, किंवा भिडेला पडतो, आणि 'हो, हीच बरी' म्हणून टाकतो. म्हणून हिची पद्धत अशी : थोडं इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मग तोच प्रश्न उलटा करून परत विचारायचा. "डोळा खोटं बोलत नाही हो. तोंड बोलतं. त्याला थोडं विसरू द्यायचं."

काय बाई आहे ही! मी लिलावात लोकांच्या नाकपुड्यांवरून बोली ओळखतो म्हणून मिरवत होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना हिच्या पर्समध्ये माझा फोन वाजला. हिनं नंबर पाहिला, गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. परत आली. "पिपाणी होता. कसे आहात विचारत होता."

पिपाणी म्हणजे लिलावघरातला माझा जोडीदार. आवाज तसा, म्हणून नाव तसं. सध्या माझ्या जागी ओट्यावर तोच.

डॉक्टर नव्हते तर! सुटलो. पाहतो तर माझी मूठ हातोडीभोवती अशी आवळलेली की बोटं पांढरी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

समजा वाईट निघालं तर? आवाज गेला तर? जीव गेला तर काय, प्रश्न मिटला. पण आवाज गेला आणि मी उरलो तर? आवाजाशिवाय मी म्हणजे काय? बाजूला काढलेलं जुनं सामान. त्यावर कोण बोली लावणार?

असलं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं गेलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हसून हसून टाके तुटायची वेळ आली! टाके आहेत की नाहीत देव जाणे, पण काहीतरी तुटलं असतं.

घरात बसून कंटाळलो होतो म्हणून ही म्हणाली, चला, तुमचा हॉल बघून येऊ. तोच तो वॉर्निशचा आणि जुन्या उशांचा वास! पायऱ्यांवर गुंडाळलेले गालिचे, भिंतीशी उभे केलेले पलंगांचे माथे, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेला नंबर. छातीत कळ आली. आम्ही मागच्या रांगेत बसलो, मी चपला काढून, पाय लांब करून, हातोडी खिशात.

ओट्यावर पिपाणी. बिचारा प्रामाणिक आहे, पण आवाज खिडकीतून बाहेर जातो आणि परत येत नाही. मोठ्या आरशाचं कपाट लागलं होतं. तीन दारांचं, जुनं लाकूड, माझ्या हातात असतं तर भाव कुठल्या कुठे नेला असता! बोली नुकती सुरू झाली होती. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी अगदी फुटकळ आकडा म्हटला होता, तोही बिचकत. पिपाणी श्वास घेत होता.

तेवढ्यात शेजारचा ओळखीचा फर्निचरवाला माझ्याकडे वाकून म्हणाला, "काय, आता बरं आहे ना?"

आणि मी — गेले इतके दिवस घरात जे करतोय तेच केलं! खिशातून हातोडी काढली आणि खुर्चीच्या हातावर एक सणसणीत ठोका!

हॉल गप्प. सगळ्या माना मागे. हा ठोका त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. पिपाणी उघड्या तोंडानं उभा. आणि त्या म्हातारबाई टुणकन उठून उभ्या राहिल्या : "हातोडी पडली! कपाट माझं!"

मी दोन ठोके मारले. नाही, नाही, असं म्हणायचं होतं! तर लोक हसायला लागले, त्यांना वाटलं मी पक्कं करतोय. मग मी घाबरून आणखी एक मारला. झाले तीन! आता तर देवसुद्धा तो सौदा मोडू शकत नव्हता.

मालक आतून धावत आले. सगळी कथा ऐकली, कपाटाकडे बघितलं, म्हातारबाईंकडे बघितलं. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, माझ्या हॉलमध्ये तुझी हातोडी पडली म्हणजे पडली. द्या बाईंना." आणि पाठीत धपाटा घातला. बाईंनी जाताना माझे दोन्ही हात धरले. काय बोलत होत्या ते हसण्याच्या गलक्यात ऐकूही आलं नाही.

घरी येईपर्यंत ही डोळे पुसत होती हसून. जिना चढताना मध्येच थांबली.

"म्हणजे आवाज नसताना विकलंत तुम्ही?"

हातोडी कठड्यावर. एक ठोका.

दोन पायऱ्या चढली. चपलेचा बंद सैल झालाय, दुधवाल्याला सांगायचं राहिलं, असं काहीबाही बोलली. मग परत थांबली. "म्हणजे, आवाजाशिवाय तिथे काहीच चालत नाही, असं नाही?"

हा काय प्रश्न! मी विचारच केला नाही. दोन ठोके.

"बरं," म्हणाली आणि दार उघडलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

घडलं तसं लिहून ठेवतो.

लेक सकाळी पोहायला गेली. मी टेबलाशी. खिडकीतून ऊन हातोडीवर पडलेलं. ही आली, समोर बसली, पाटी आपल्याकडे ओढली आणि स्वतः लिहिलं. तिचं अक्षर छापल्यासारखं.

'एक माणूस दिवसभर हसतो. फोन वाजला की हातोडी आवळतो.'

मी हातोडी आडवी ठेवली. संबंध नाही!

"आडवी नको. उभी धरा," ही म्हणाली. रागानं नाही. ज्या आवाजात खुर्चीतल्या माणसाला हनुवटी टेकवा म्हणत असेल त्या आवाजात.

"घसा दुखतो?" दोन.

"मालक काही म्हणाले?" दोन.

"डॉक्टर काही म्हणाले?"

दोन. झटकन. फारच झटकन! मला मारता मारताच कळलं.

हिनं चष्मा काढून पदरानं पुसला. चहा ठेवू का? एक. कोमट करू? एक. करून आणला. आजचं वर्तमानपत्र आलं नाही वाटतं. दोन. लेकीचा टॉवेल राहिला बघा दारामागेच. एक. माझा खांदा सैल पडला. मनात म्हटलं, टळलं.

"डॉक्टर जे म्हणाले ते मला कळू नये, असं वाटतं तुम्हाला?"

एक ठोका.

हात आपोआप गेला! मी हातोडीकडे बघत राहिलो, जणू ती दुसऱ्याचीच होती. उलटा प्रश्न! सहा दिवसांपूर्वी तिनं स्वतः मला ही युक्ती समजावून सांगितली होती, आणि मी तोंडावर पडलो!

मग एकेक करून तिनं सगळं बाहेर काढलं. गाठीबद्दल? एक. अजून काही तपासायचं आहे? एक. तुकडा पाठवलाय? एक. डॉक्टरांना तिचं रूप आवडलं नाही? एक. अहो, कसं सुचतं हिला! मी पाटीला हातही लावला नाही, एक अक्षर लिहिलं नाही, आणि पहिल्या दिवसापासून छातीवर धरून बसलो होतो तो धोंडा या बाईनं चार प्रश्नांत उचलून टेबलावर ठेवला.

शेवटचा प्रश्न. "एकट्यानं सोसत होतात, इतके दिवस?"

मला ठोका मारता आला नाही. डोकं टेबलावर टेकलं आणि रडलो. बिनआवाजाचं. डॉक्टरांनी हुंदक्याला परवानगी दिलीय की नाही ते माहीत नाही. हिनं हातोडी माझ्या मुठीतून सोडवली, बाजूला ठेवली, आणि माझ्या मानेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता दोघांचं झालं," म्हणाली.

चहा कोमट झाला होता, अगदी सांगितला तसा.

या बाईबद्दल मी किती वेळा लोकांना सांगितलंय, की ही काही बोलत नाही. ही बोलत होती. मीच मध्ये होतो. आज मला हिचा जो अभिमान वाटला तो ओट्यावर उभं राहून सांगावा असा होता, आणि तोंड बंद!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. परवा दोघांनी या, म्हणाले. फोनवर काही सांगणार नाहीत.

बंद पडलेल्या एका हॉटेलचा लिलाव शनिवारी. दीडशे पलंग, झुंबरं, पियानोसुद्धा! मालकांनी माझी जागा रिकामी ठेवलीय. अंघोळ करताना मनातल्या मनात पुकारून पाहिलं. मनातला आवाज तर खणखणीत आहे.

संध्याकाळी लेकीनं कोडं घातलं, आम्ही दोघांनी मिळून सोडवलं. हिनं प्रश्न सांगायचा, मी लिहायचा. लेक म्हणाली हे चीटिंग आहे. एक ठोका.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वाईट निघालं. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले. आवाज नाही.

ही काउंटरवर तारीख घ्यायला गेली. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या मिसेस फार खंबीर आहेत. तुमचं पहिलं ऑपरेशन झालं, त्याच दिवशी मी त्यांना सगळी शक्यता सांगितली होती. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, आवाज गेलाच तर घरात सवय कशी करायची? मी म्हटलं, आत्तापासूनच करा."

त्याच दिवशी. म्हणजे फोन पर्समध्ये गेला त्याच्या आधी. तळहाताएवढी पाटी आणली त्याच्या आधी. रविवारी तिला काहीच शोधायचं नव्हतं. तिला तो धोंडा फक्त माझ्याकडून काढून घ्यायचा होता.

घरी आलो. टेबलाशी बसलो. मी पाटीवर लिहिलं : 'भीती वाटते?'

तिनं तोंड उघडलं नाही. बशीतला चमचा उचलला.

टण्.